सोडलेला आंबा

आमच्या घरी आंबा चिरायचा तो आईनेच. गावाहून पेटी आली की ती खाटेखाली सरकवायची, रोज संध्याकाळी गवत बाजूला करून एकेक फळ हुंगून पाहायचे, तयार झालेले वेगळे काढायचे, हा सारा कारभार तिच्याकडे. बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मे महिनाभर तो वास कोंडून राही. आई आंबे चिरी, रस काढी, आम्हां भावंडांत भांडण होणार नाही अशा बेताने बाठे वाटी, आणि स्वतः मात्र आमटीभात जेवून उठे. "तुला नाही आवडत?" असे मी लहानपणी एकदोनदा विचारले असेल. "मला उष्ण पडतो," असे उत्तर मिळे. आपल्या आईला काय आवडते याची चौकशी मुले फार वेळ करीत नाहीत. हातात बाठा असला म्हणजे तर नाहीच नाही.

हे उष्ण पडणे म्हणजे निव्वळ सबब होती, हे मला कळायला वयाचे त्रेचाळिसावे वर्ष उजाडावे लागले. तेही आईकडून कळले नाही. आत्या चार दिवस राहायला आली होती, ती बोलता बोलता म्हणाली, "वहिनीने तुझ्या पायी आंबा सोडला, तो सोडलाच!" मी चमकलो. माझ्या पायी? मग सगळी हकीकत निघाली. १९८६ सालचा मे महिना. मी सात वर्षांचा. विषमज्वर झालेला, दोन आठवडे ताप हटेना. खाटेवर मी आणि खाटेखाली आंब्यांची पेटी. एका रात्री आई देवापुढे उभी राहिली आणि गावच्या देवीला म्हणाली, पोर पायावर उभा राहू दे. तोवर आंबा तोंडात घालणार नाही.

जूनमध्ये मी उठलो, शाळेतही गेलो. पण आईच्या त्या 'तोवर'ला पूर्णविराम पडलाच नाही.

आता नवस, व्रते, नेम या गोष्टी आमच्या भागात नव्या नाहीत. रूळ ओलांडून पूर्वेला गेले की शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे शिलाहारांचे शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तेथे जी रांग लागते तिच्यात निम्मी माणसे काही मागायला आणि निम्मी मागितलेले फेडायला आलेली असतात. आषाढ लागला की आमच्या चाळीतल्या बायका चातुर्मासात काय सोडायचे याच्या वाटाघाटी सुरू करतात. कोणी वांगी सोडते, कोणी कांदालसूण. मुळातच न आवडणारी भाजी सोडून पुण्य पदरात पाडून घेणाऱ्याही असतात, नाही असे नाही. पलीकडे उल्हासनगरात सिंधी मंडळींचा चालिहो असतो. फाळणीनंतर आलेल्या या लोकांनी झुलेलालचे हे चाळीस दिवसांचे व्रत आपल्याबरोबर आणले. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी दर पावसाळ्यात दाढी वाढवून येतो. पहिल्या वर्षी मला वाटले, पोराचा प्रेमभंग झाला! मग समजले, चाळीस दिवस वस्तरा लावायचा नाही, मांसमच्छी खायची नाही. एकेचाळिसाव्या दिवशी गुळगुळीत चेहऱ्याने तो पहिल्या बाकावर हजर.

ही दाढी मी विसरून गेलो असतो. परंतु तीन वर्षांपूर्वी फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण शिकवायचे होते. १६१६ साली छापलेल्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा येतात, म्हणून मुळातला जुना करार हाताशी असावा असे वाटले. शमशोनाची गोष्ट वर्गात निघाली आणि एका मुलाने विचारले, "सर, शमशोन नाजीर होता म्हणजे काय? कोर्टात असतो तो?" वर्ग हसला. कोर्टातला नाझर अरबीतून आला, त्याच्या मुळाशी 'पाहणे' आहे. हिब्रू नाजीर निराळा. वेगळा झालेला, राखून ठेवलेला, असा त्याचा अर्थ. सातव्या वर्षी शेत पडीक ठेवायचे आणि द्राक्षवेल छाटायची नाही, असा इस्राएली लोकांना नियम होता. त्या न छाटलेल्या वेलीलाही जुन्या करारात हाच शब्द वापरला आहे. वस्तरा न लागलेला माणूस आणि कात्री न लागलेली वेल! भाषेच्या मास्तराला एवढे सापडले की दिवस बरा जातो.

मुलाला थातुरमातुर उत्तर दिले आणि घरी येऊन 'गणना' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. कोणाही पुरुषाने किंवा स्त्रीने (स्त्रीलाही मोकळीक आहे, हे पाहून बरे वाटले) देवासाठी वेगळे राहण्याचा नवस केला, तर तीन गोष्टी पाळायच्या. द्राक्षारस प्यायचा नाही. रसच कशाला, ओली द्राक्षे नाहीत, मनुका नाहीत, शिरका नाही, बीपासून सालीपर्यंत त्या फळाचे काहीही तोंडात घालायचे नाही. डोक्याला वस्तरा लावायचा नाही. आणि मेलेल्या माणसाजवळ जायचे नाही. आईबाप, भाऊबहीण गेले तरीसुद्धा. शेजारी अचानक कोणी मेले तर आधीचे सगळे दिवस फुकट. सातव्या दिवशी मुंडन, आठव्या दिवशी दोन पारवे, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

पण मला खरे थांबवले ते पुढच्या भागाने. नवसाचे दिवस भरले की काय करायचे याचे तेथे सविस्तर वर्णन आहे. एक वर्षाचा कोकरू, एक कोकरी, एक मेंढा, बेखमीर भाकऱ्यांची टोपली. मग वाढवलेले केस कापायचे आणि शांत्यर्पणाच्या विस्तवात टाकायचे. 'यानंतर नाजिराने द्राक्षारस प्यायला हरकत नाही' अशा अर्थाच्या वाक्याने विधी संपतो. हे तर सरळ सरळ उद्यापन! व्रत घ्यायला माणूस एकटा पुरतो, व्रत संपवायला मात्र चार माणसे, विस्तव आणि जेवण लागते. ते दाढीवाल्या विद्यार्थ्यालाही माहीत होते. माझ्या आईला माहीत नव्हते काय? चांगली दहाबारा व्रतांची उद्यापने तिने केली आहेत. मग याच एका व्रताचे का नाही?

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई निवृत्त होऊन काही वर्षे झाली. त्या बेने इस्राएल, माहेर पेणच्या बाजूचे, आता ठाण्याला राहतात. शंका आली की मी त्यांना गाठतो. या वेळीही गेलो. बेने इस्राएलांविषयी आपल्याकडे हल्ली फारशी माहिती नसते. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, असे ते परंपरेने सांगतात. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी त्यांची घरची भाषा. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. राहिली ती मुंबई-ठाण्यात आणि थोडीशी रायगडात. ठाण्यातले त्यांचे प्रार्थनास्थळ १८७९ सालचे आहे.

मी नाजिराचे नाव काढताच बाई हसल्या. "अहो सर, तुम्ही पुस्तकात काय शोधताय? आमच्या घरात होता की एक!" त्यांचा थोरला भाऊ. घरात मूल होईना म्हणून त्यांच्या आजीने नवस केला होता: नातू झाला तर सात वर्षे त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. नातू झाला. केस कमरेपर्यंत आले, वेण्या घालाव्या लागत. गावातली पोरे वेणी ओढून पळत. सातव्या वर्षी केस कापले, तराजूच्या एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात चांदीचे रुपये टाकून तोलले, ते रुपये दानाला दिले, केस पाण्यात सोडले आणि गोतावळ्याला जेवण घातले.

"आजीला केवढा आनंद झाला होता म्हणे," बाई म्हणाल्या. "पण माझा भाऊ म्हातारपणीसुद्धा सांगायचा, नवस बोलली आजी, वेण्या घातल्या मी."

हा काही एका घरातला प्रकार नव्हता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. त्यांनी ही चाल नोंदवून ठेवली आहे. आता तुम्ही म्हणाल, ही तर आपली जावळाची चाल. शेजारून घेतली असेल. असेलही. कोकणात एका पाणंदीवर राहणाऱ्या बायका एकमेकींच्या चाली घेणार नाहीत तर काय करतील? त्यांच्या एलियाहू संदेष्ट्याच्या नवसाचा मलिदा पाहा. पोहे, खोबरे, साखर, फळे, असे ताट समोर ठेवून हिब्रू प्रार्थना म्हणतात, आणि नवसाला म्हणतात नवसच! अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाच्या खुणा खडकावर दाखवतात, तेथे नवस फेडायला आजही लोक येतात.

पण बाईंनी मला यातली एक गाठ दाखवली, ती मोठी विलक्षण आहे. नाजिराचे उद्यापन यरुशलेमच्या मंदिरातच करावे लागे. ते मंदिर रोमन सैन्याने इसवी सन ७० मध्ये पाडले. म्हणजे त्यानंतर शास्त्राप्रमाणे हा नवस बोलता येतो, पण फेडता येत नाही! मिश्ना या इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या धर्मग्रंथात एक हकीकत आहे. परदेशांतून काही नाजीर उद्यापनासाठी आले आणि पाहतात तो मंदिर पडलेले. नाहूम मेदी नावाच्या पंडिताने त्यांना विचारले: मंदिर पडणार हे ठाऊक असते तर तुम्ही नवस केला असता का? नाही, म्हणाले. मग जा, सुटलात. नवसातून सोडवण्याची ही त्यांच्याकडची रीतच आहे. पुढचे ठाऊक असते तर बोलला असतास का, असे विचारून पश्चात्तापाची एक फट शोधायची. पण इतर पंडितांना नाहूमचा निकाल पटला नाही. ज्यांनी मंदिर उभे असताना नवस केला ते नाजीरच, असे त्यांनी ठरवले. ते बिचारे पुढे काय करीत बसले असतील कोण जाणे.

या जागी मला पेणच्या त्या आजीचे कौतुक वाटते. पंडितांना जे उद्यापन सापडले नाही ते या तेलिणींनी घरातल्या तराजूवर करून दाखवले. मेंढा नाही, विस्तव नाही. चांदीचे रुपये आणि वाहते पाणी. सात वर्षे म्हणजे सात वर्षे. आठव्या वर्षी पोरगा बोडक्या डोक्याने शाळेत गेला.

मग मी या विषयात थोडा वाहवलो, हे कबूल करतो. बाई पुस्तके देत गेल्या आणि मी लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या वाचत गेलो. हन्ना शमुवेलाला देवाला देऊन टाकते आणि दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून नेते. मुलगा वाढतो तसा झगाही वाढत असणार. शमशोनाला जन्माआधीच वाहिलेला, पण तो पोटात असताना दारू पिऊ नकोस असे त्याच्या आईलाही बजावलेले. इफ्ताह लढाई जिंकण्यासाठी नवस करतो, घरातून जे प्रथम समोर येईल ते अर्पण करीन म्हणून, आणि समोर येते ती एकुलती एक मुलगी, डफ वाजवत. बोलणारा एक आणि भोगणारा दुसरा, हे पुन्हा पुन्हा येते. 'गणना'तच पुढे तिसाव्या अध्यायात आहे की बायकोचा नवस नवऱ्याने ऐकला त्याच दिवशी तो मोडू शकतो; ऐकून गप्प राहिला तर नवस पक्का. बाप मुलीचा मोडू शकतो. मुलाला मात्र कसलाही अधिकार दिलेला नाही. ज्याच्यासाठी नवस बोलला गेला त्याला या प्रकरणात कोणी विचारीत नाही.

सगळ्यांत माझ्या मनात बसली ती अदियाबेनची राणी हेलेना. आजच्या इराकातल्या अर्बिलच्या बाजूचे हे राज्य. पहिल्या शतकात या राणीने यहुदी धर्म स्वीकारला. यरुशलेमात दुष्काळ पडला तेव्हा तिने इजिप्तहून धान्य आणि सायप्रसहून सुकी अंजिरे आणवली, अशी ही बाई. तिचा मुलगा लढाईवर गेला. तो सुखरूप आला तर सात वर्षे नाजीर राहीन, असे ती बोलली. तो आला. सात वर्षे तिने पाळली आणि उद्यापनाला यरुशलेमला गेली. हिल्लेलच्या परंपरेतल्या पंडितांनी सांगितले, परदेशात पाळलेली वर्षे धरता येत नाहीत, आणखी सात. तीही पाळली. अखेरीस काही विटाळ झाला आणि पुन्हा सात. एकवीस वर्षे! रब्बी यहूदा मात्र म्हणतो, चौदाच. मिश्नेत हे चार ओळींत आटोपले आहे. मुलगा या काळात काय करीत होता, आईच्या पेल्याकडे कधी पाहत होता की नाही, याबद्दल एक अक्षर नाही.

मी ते वाचले त्या दिवशी ठाकुर्लीला गाडी बराच वेळ थांबली होती. घरी गेलो तो आई चष्मा लावून कोथिंबीर निवडीत बसलेली. बोलायचे धैर्य मात्र व्हायला दोन वर्षे लागली.

गेल्या मे महिन्यात पेटी आली. आई आता बहात्तर वर्षांची आहे. ती हुंगून आंबे वेगळे काढीत होती. मी शेजारी बसलो आणि नाहूम मेद्याची वकिली सुरू केली.

"आई, आंब्याचं मला आत्याने सांगितलंय."

तिने मान वर केली नाही. "तिला काही राहवत नाही पोटात."

"चाळीस वर्षं होत आली. इतकी वर्षं सोडावा लागेल हे ठाऊक असतं, तर बोलली असतीस का?"

आता तिने पाहिले. "बोलले असते की. तुझे डोळे पांढरे झाले होते. त्या वेळी मागितलं असतं तर भातसुद्धा सोडला असता. आंबा म्हणजे काय, वर्षातला एक महिना!"

फट सापडेना. पश्चात्तापच नाही तर सोडवायचे कशातून? मग मी दुसरा मुद्दा काढला. त्यांच्या शास्त्रात, नवस बोलताना मुदत सांगितली नसेल तर तो तीस दिवसांचा धरतात. "तू मुदत सांगितली नव्हतीस. म्हणजे तुझा नवस त्याच वर्षीच्या जूनमध्ये संपला."

"आणि मग पुढची एकोणचाळीस वर्षं?"

"ती जास्तीची."

"जास्तीची कोणाच्या खात्यात जमा?" असे म्हणून ती हसली. माझ्या आईचा हिशेब पक्का आहे. पण हसता हसता ती थांबली आणि मग हळूहळू जे बोलली ते मी कधी ऐकले नव्हते. मी तापातून उठलो तेव्हाच तिने बाबांना विचारले होते, आता सोडू का? बाबा म्हणाले, पायावर उभा म्हणजे नोकरी लागेपर्यंत. बहुधा चेष्टेने म्हणाले असतील. बाबा २०१२ साली गेले, आता विचारणार कोणाला? पण तिने ते धरून ठेवले. २००६ साली मला कॉलेजात कायम केले, तेव्हा पुढच्या वैशाखात उद्यापन करायचे तिने मनात योजले होते. त्या वैशाखात गावी चुलते गेले, सुतक आले. त्याच्या पुढच्या वर्षी माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली आणि काचेच्या पेटीत ठेवावी लागली.

"तेव्हा कसा खाऊ? आणि मग धीरच झाला नाही. म्हटलं, आपण सोडलं आणि काही झालं तर?"

ती काचेच्या पेटीतली मुलगी आता सतरा वर्षांची आहे. ती आतल्या खोलीत मोठ्याने कोणाशी तरी फोनवर बोलत होती.

मला बोलवेना. आईच्या त्यागाविषयी आपल्या साहित्यात खंडोगणती लिहिले गेले आहे, आणि वर्गात शिकवताना मीही भरल्या गळ्याने बोलतो. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला कृतज्ञता वाटली नाही, राग आला. माझ्या नावावर कोणीतरी कर्ज काढले होते आणि मला न सांगता चाळीस वर्षे व्याज भरले होते. तालमुदात एक रब्बी विचारतो, नाजिराने उद्यापनाच्या वेळी पापार्पण का द्यायचे? त्याने पाप काय केले? तोच उत्तर देतो: स्वतःच्या जिवाला द्राक्षारसावाचून कष्टवले, हेच पाप. दुसरा रब्बी लगेच म्हणतो, छे, तो तर पवित्र पुरुष. दोघांचेही मत ग्रंथात ठेवलेले आहे, आणि त्या दिवशी मला दोघांचेही पटत होते.

राग गिळून मी सुनेला, म्हणजे आईच्या सुनेला, बोलावले. तिला आत्याच्या भेटीपासून सगळे ठाऊक होते. तिने शास्त्रार्थ केला नाही. म्हणाली, "आई, उद्यापन करू या. काय लागेल सांगा." आईने पाच मिनिटे विचार केला. पेटीतले पहिले डझन गल्लीतल्या मुलांना. देवीला गावी मनिऑर्डर. आणि एक सवाष्ण, एक ब्राह्मण जेवायला. "आणि तुमच्या ठाण्याच्या बाईंनाही बोलव," हे तिने आपण होऊन सांगितले.

एक अडचण मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती. आईला गेली सहा वर्षे मधुमेह आहे. देवाने मोकळीक दिली तर डॉक्टर आडवे! मी फोन केला. आमचे डॉक्टर कोकणातलेच. हकीकत ऐकून थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, दोन फोडी, जेवणाबरोबर नको, आणि दुसऱ्या दिवशी साखर तपासा.

रविवारी सारे झाले. गल्लीतली मुले शर्टाला हात पुसत गेली. ठाण्याच्या बाई पोह्यांचा मलिदा डब्यात घालून आल्या. आमच्या देवापुढे तोही ठेवला. देवाने काही हरकत घेतली नाही. मग आई आपल्या रोजच्या जागी विळीवर बसली, एक आंबा चिरला, दोन फोडी बशीत काढून घेतल्या. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो, तशी ती संकोचली. "असे काय बघता? आपापली ताटं बघा!"

तिने पहिली फोड खाल्ली. मग दुसरी. मग साल उलटी करून दातांनी खरवडली, अगदी पांढरी होईपर्यंत.

"कसा आहे?" मी विचारले.

"पूर्वीसारखे नाही राहिले हो आंबे," ती म्हणाली, आणि ताटांवरून नजर फिरवीत विचारले, "बाठा कोणी घेतला नाही ना?"